अकरा पायऱ्यांचा नवस

माझा उजवा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. गेला म्हणजे आहे, जागच्या जागी आहे, पण त्याचा माझ्याशी फारसा संबंध नाही. मांडीपासून बुटापर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर चढवला, गुडघ्याचा खटका लावला, डाव्या हातात कुबडी घेतली की तो मुकाट्यानं बरोबर येतो. एवढ्यावर मी बेळगावात शिकले, एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला लागले, लग्न केलं, एक मुलगी वाढवली आणि रोज सिटी बसच्या कंडक्टरशी भांडले. तेव्हा माझ्याविषयी कुणी हळहळणार असेल तर आधीच सांगते, राहू द्या.

सत्तेचाळिसाव्या वर्षी मी ऑफिसात रेकॉर्डरूमच्या दारात पडले. पडण्याचं मला काही नाही, जन्मभर पडत आलेय. या वेळी उठताच येईना. शिपाई आणि फीची चौकशी करायला आलेल्या दोन पोरी, अशा तिघांनी मिळून मला खुर्चीत घातलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की उजव्याचा प्रश्न नाही, डावा पाय दमलाय. चाळीस वर्षं तो दोघांचं काम एकटा करत होता, हे त्याच्या आता लक्षात आलं. खांदासुद्धा कुबडीनं झिजलाय. व्यायाम केला तर चालत राहाल, नाही तर दोन-तीन वर्षांत चाकाची खुर्ची.

व्यायाम शिकवणारी मुलगी धारवाडची होती. तिला मराठी येत होतं तेवढंच मला कन्नड, म्हणजे भांडण्यापुरतं. खुर्चीतनं हात न टेकता उठायचं, बसायचं. रबराची पट्टी खिडकीच्या गजाला अडकवून ओढायची. सहा इंच उंच पेटीवर चढायचं, उतरायचं. चढताना चांगला पाय आधी, उतरताना कॅलिपरचा. सगळं दहा-दहा वेळा, आणि दहा म्हणजे दहाच. पोलिओचं शरीर जास्त ताणलं तरी बिघडतं आणि ठेवून दिलं तरी बिघडतं, असं ती म्हणाली. मी म्हटलं, म्हणजे दोन्हीकडनं मारच. ती म्हणाली, हो.

पहिले नऊ दिवस मी व्यायाम केला. मग गणपती आले. गणपती गेल्यावर पेटीवर मिक्सर ठेवलेला सापडला. मुलीनं माझ्या फोनवर एक ॲप घालून दिलं. ते रोज सकाळी सहाला मला इंग्रजीत सांगायचं की तू अद्भुत आहेस. व्यायाम केला नाही तरी तेच सांगायचं, म्हणून काढून टाकलं. आमच्या गल्लीच्या तोंडाला एक जिम आहे. मालकानं मोठ्या अभिमानानं सांगितलं की अपंगांसाठी आमच्याकडं सवलत आहे. जिम दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही.

पण खरी अडचण घरातच होती. बाई कणीक मळत असली तर ती कामात असते. बाई खुर्चीत बसतेय, उठतेय, परत बसतेय, तर ती मोकळी असते. माझं चौथं उठणं झालं की नवऱ्याला पाकीट सापडायचं नाही, पाचव्याला मुलीला डबा आठवायचा, सहाव्याला सासूबाई चहा गाळायला हाक मारायच्या. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. वय एकोणऐंशी, मूळच्या संकेश्वरकडच्या, कन्नड फाडफाड, आवाज खणखणीत. कुणाच्याच मनात वाईट नव्हतं. मला व्यायाम करू द्यायचा नाही असं ठरवलं असतं, तर त्यांना इतकं नीट जमलं नसतं.

अशात माहेराहून अण्णाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. गावची जत्रा ठरली.

माझं माहेर सांबऱ्याच्या बाजूला. अंगणात उभं राहिलं की उतरणाऱ्या विमानाची चाकं दिसतात. तिथली लक्ष्मीची जत्रा दरवर्षी भरत नाही. पंच बसतात, कौल लावतात, आणि दहा-वीस वर्षांतनं एकदा कधीतरी ठरते. मग घरं रंगतात, पाहुण्यांना निरोप जातात, आणि जत्रेआधीच्या ठरलेल्या मंगळवारी अख्खं गाव वार पाळतं. शेतात कुणी जात नाही, चुलीवर तवा चढत नाही. देवीला मंडपात उंच चौथऱ्यावर बसवतात, त्याला गदगा म्हणतात. गावच्या लेकी सासरहून येऊन, गदगा चढून तिची ओटी भरतात. आमच्या गदग्याला अकरा पायऱ्या.

मागची जत्रा अठरा वर्षांपूर्वी झाली. मुलगी तेव्हा नुकती बसायला लागली होती. मी ओटीचं ताट घेऊन पायरीपाशी गेले तर पंचांनी अडवलं. पायताण घालून गदगा चढायचा नाही. ते बरोबरच होतं, पण माझा बूट कॅलिपरला जोडलेला. बूट काढला की कॅलिपर गेला, कॅलिपर गेला की मी गेले. चार म्हाताऱ्यांनी बराच विचार केला. शेवटी अण्णानं माझा बूट-कॅलिपर काढून बाजूला ठेवला आणि मला लहान पोरासारखं उचलून घेतलं. तीस वर्षांची बाई, अंगावर इरकल, एक पाय लोंबतोय, आणि अख्खं गाव वाट सोडतंय. ओटी मीच भरली, पण अण्णाच्या काखेतनं. खाली आल्यावर कुठल्याशा परगावच्या बाईनं माझ्या हातात दोन केळी ठेवली आणि माझ्याच पाया पडली. मी तेव्हा नोकरीत कायम झालेली होते. ती केळी मी खाल्ली नाहीत, आणि तो दिवस मी कुणालाच माफ केला नाही, देवीलासुद्धा.

तर अण्णा फोनवर म्हणाला, काही काळजी करू नको. त्याची कमर आता गेलीय, पट्टा बांधतो, म्हणून तो स्वतः उचलणार नव्हता. चार पोरं आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची सांगून ठेवली होती. त्याला वाटलं मी खूश होईन. मी फोन ठेवला, पेटीवरचा मिक्सर खाली ठेवला आणि तरातरा चढायला-उतरायला लागले. या वेळी आपल्या पायांनी चढायचं, नाही तर जत्रेला जायचंच नाही, एवढं मनाशी पक्कं झालं होतं. तिसऱ्या खेपेला आत्यांनी स्वयंपाकघरातनं विचारलं की मोकळीच आहेस तर चहा गाळून देतेस का.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मोकळी नाही. माझा नवस आहे. येत्या जत्रेत गदगा आपल्या पायांनी चढीन असं देवीला बोललेय, आणि त्यासाठी रोज हे करायचं आहे.

नवसबिवस काही नव्हता. तोंडाला आलं ते बोलले.  पण आत्या स्वतः चहा गाळून घेऊन आल्या, तो माझ्यापुढं ठेवला आणि विचारलं, "आंघोळ न करता?"

दुसऱ्या दिवसापासून माझा संसार बदलला. पहाटे पाच वाजता आत्या गीझर लावायच्या आणि दार वाजवायच्या. आधी आंघोळ, मग उदबत्ती, मग व्यायाम. व्यायामानं घाम येतो आणि आंघोळ नंतर करायची असते, हे त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी विचारलं, देवळात पारोशी जातेस काय? त्या वर्षी मी ऑफिसात घामाचा आणि उदबत्तीचा असा मिळून वास घेऊन जायचे. बाजूला बसणारा हेडक्लार्क एकदा म्हणाला, घरी काही कार्य आहे का.

मोजायला आत्या. स्टुलावर बसून, जपमाळ हातात घेऊन, कन्नडमध्ये. ओंदु, एरडु, मूरु. हात जरा टेकला तर तो आकडा धरायच्या नाहीत. दहाच्या वर एक केलेलं चालायचं नाही, कारण धारवाडच्या मुलीकडं त्या स्वतः जाऊन विचारून आल्या होत्या. दोघी तासभर कन्नडमध्ये माझ्याविषयी बोलत होत्या आणि मी बाहेर बाकावर बसले होते. सकाळी व्यायामाच्या अर्ध्या तासात घरात कुणी हाक मारत नव्हतं. नवरा पाकीट स्वतः शोधायचा. ते नेहमी खुंटीवरच्या पँटीतच असायचं. मुलगी कॉलेजला जाताना चपला हातात घेऊन दारापर्यंत जायची. दोन वर्षं मी आरोग्याच्या नावानं अर्धा तास मागत होते तो मिळाला नाही. देवीचं नाव निघालं आणि तो न मागता मिळाला.

सुट्टी फक्त अडचणीच्या चार दिवसांची. माझी पाळी त्या वयात एकदा यायची, एकदा विसरायची. आत्या तिची वाट माझ्यापेक्षा जास्त बघायच्या, कारण त्या चार दिवसांत त्यांनाही सहापर्यंत झोपता यायचं.

बुटाचा प्रश्न त्यांनीच काढला. नवसाचं चढणं आणि पायात कातडं, हे कसं जमणार? आठवडाभर त्या त्याच विचारात होत्या. मग कोऱ्या मांजरपाटाची एक पिशवी शिवली, हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवली आणि माझ्या बुटावर चढवून नाडीनं बांधली. पिवळा बूट. धारवाडच्या मुलीनं बघितलं आणि कपाळाला हात लावला. कापड घसरणार, ही बाई तोंडावर पडणार. नवऱ्यानं सायकलची जुनी ट्यूब कापून तळाला शिवून दिली. त्यानं या प्रकरणात केलेलं ते एकमेव काम, पण चांगलं केलं.

तीन महिन्यांत मी खुर्चीतनं हात न टेकता दहा वेळा उठायला लागले. पाच महिन्यांत ऑफिसच्या बाहेरच्या चार पायऱ्या कठड्याशिवाय. याचा आनंद मला झाला, नाही म्हणत नाही. पण मी रोज उठत होते ते आनंदासाठी नव्हे. ज्या दिवशी अंग मोडून यायचं, पांघरूण सोडवायचं नाही, त्या दिवशी आनंद कुठंच नसायचा. दाराबाहेर एक म्हातारी आंघोळ करून, माळ घेऊन बसलेली असायची. तिच्यासाठी उठावं लागायचं. मेली एवढी पहाटे का उठते, असं मनात म्हणत मी कॅलिपरचे पट्टे आवळायचे.

जत्रेला तीन आठवडे उरले तेव्हा मला भीती वाटायला लागली. पेटी सहा इंचांची, गदग्याची पायरी किती उंच कुणाला ठाऊक. एका रविवारी आत्या शेजारी हळदीकुंकवाला गेल्या असताना मी आमच्या बिल्डिंगचा जिना दोन मजले तीन वेळा चढले आणि उतरले. जमलं. फुशारकीनं चौथ्यांदाही चढले. दुसऱ्या दिवशी डावा पाय उचलेना. सहा दिवस अंथरुणात. धारवाडची मुलगी घरी येऊन मला वाटेल तसं बोलली आणि त्यातलं बरंच मला कळलं.

 आत्या रोज माझ्या पायाला कोमट तेल लावायच्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, देवीचं कायतरी चुकलं असणार, न्हाय तर मधीच असं का व्हावं. नवस बोलताना नीट बोलल्येलीस न्हवं? नवस खोटा आहे, हे खरं माझ्या जिभेवर आलं होतं. तेलकट हातांनी त्या माझी पोटरी धरून बसल्या होत्या. मी म्हटलं, नीटच बोलले होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली की आता खरंच चढता आलं नाही तर या बाईला काय सांगायचं.

सातव्या दिवशी परत सुरुवात. दहाऐवजी पाच. जत्रेच्या दिवसापर्यंत मी आठवर आले होते.

गाव माणसांनी फुललं होतं. आमच्या घरी तेवीस पाहुणे, मंडपात पाय ठेवायला जागा नाही, भंडाऱ्यानं सगळे पिवळे, त्यामुळे माझा बूट कुणाच्या लक्षातही येत नव्हता. पायरीपाशी अण्णा चार पोरं आणि खुर्ची घेऊन उभा. मी म्हटलं, बसणार नाही. तो दुखावला. म्हणाला, लोकांसमोर हट्ट करू नको बाय, पडलीस तर? आत्यांनी त्याला बाजूला घेतलं आणि नवसाचं सांगितलं. पायांनी चढायचा नवस आहे. हिला जो हात लावील त्याच्यावर नवस मोडल्याचं पाप येईल. चारही पोरं दोन पावलं मागं सरकली. खुर्चीवर एक दमलेले आजोबा येऊन बसले.

मग पंचांपैकी एक पुढं आले. मागच्या वेळी होते त्यांचाच मुलगा, तोंडावळा तोच. त्यांनी पिवळ्या कापडाखालनं डोकावणारी लोखंडी पट्टी बघितली आणि हात आडवा केला. नम्रपणे सांगितलं की बाकी काही हरकत नाही, तेवढा बूट मात्र काढावा लागेल.

मला अठरा वर्षांपूर्वीचं सगळं तसंच्या तसं आठवलं. मी भांडायला तोंड उघडलं. जिनं जन्मभर कंडक्टरांना सोडलं नाही तिच्या डोळ्यांना पाणी आलं. आत्या माझ्या आणि त्यांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही.

"बूट न्हवं त्यो. पाय हाय तिचा. तुमचा काढून ठेवा आदी, मग ती काढंल."

 मागं ओट्या घेऊन बायकांची रांग थांबली होती. त्यातली एक म्हणाली की सोडा की जाऊंद्या, आणि मग आणखी दोघी. पंचांनी हात खाली घेतला. मी ताट मुलीकडं देऊन तिला पुढं घातलं आणि डावा पाय पहिल्या पायरीवर ठेवला.

पायऱ्या सात इंचांच्या असाव्यात. माझ्या मागं अण्णा, दोन्ही हात पुढं करून, हाताचं आणि माझ्या पाठीचं अंतर एक वीत ठेवून. त्याच्या मागं आत्या, मोजत. मला दुसरं काही ऐकू येत नव्हतं. सहाव्या पायरीवर डावी मांडी थरथरायला लागली. आठव्या पायरीवर बुटाचं टोक अडकलं आणि मी मागं झुकले. अण्णाचे हात मला लागले नाहीत. त्यानं ते आवरून धरले होते, हे मला त्याच्या श्वासावरनं कळलं. कुबडी पायरीवर टेकली, मी सावरले. मागनं आत्यांनी आठवा आकडा परत म्हटला, कारण तो नीट झाला नव्हता. नववी, दहावी, अकरावी.

वर देवीसमोर उभी राहून मी ओटी भरली, आपल्या हातांनी, कुणाच्या काखेतनं नव्हे. मनात तिला सांगितलं की बाई, नवस मी बोलले नव्हते, ते चहावरनं झालं, माफ कर. मग मला रडू आलं आणि मी रडले. शेजारी आत्या पदर पसरून बराच वेळ डोळे मिटून उभ्या होत्या. पुजारी म्हणाला पुढं चला, तरी हलल्या नाहीत. उतरताना कॅलिपरचा पाय आधी. खाली अण्णा माझ्याकडं न बघता खुर्ची उचलायला गेला. त्यावरच्या आजोबांना त्यानं दोनदा हाक मारली, ते झोपले होते.

घरी परतल्यावर नवस फिटला म्हणून कुणी मला उठवलं नाही. मी सातपर्यंत झोपले. दुसऱ्या दिवशीही. पेटीवर परत मिक्सर आला आणि तो मीच ठेवला. व्यायाम करणार होतेच, सोमवारपासून. सोमवारी ऑफिसात परीक्षेचे अर्ज सुरू झाले. नवव्या दिवशी खुर्चीतनं उठताना माझा हात आपोआप टेकला, आणि ते माझ्या लक्षात आलं, आणि मी कुणाला सांगितलं नाही.

दहाव्या दिवशी पहाटे पाचला दार वाजलं. बाहेर आत्या, ओले केस, हातात माळ. मी म्हटलं, आत्या, नवस फिटला की.

"तुझा फिटला. माझा ऱ्हायलाय."

गदग्यावर त्या स्वतःचा नवस बोलून आल्या होत्या. पुढच्या जत्रेलाही सुनेला अशीच पायांनी चढव, तोवर तिचा एक दिवस चुकू देणार नाही. हे सांगायला त्यांना दहा दिवस का लागले असं विचारलं, तर म्हणाल्या, तुझी तू उठतीस काय बघत हुतो. बोलताना त्या हुतो, जातो असंच म्हणतात, आमच्याकडच्या सगळ्या म्हाताऱ्यांसारखं.

मी पलंगावर बसून राहिले. पहिला नवस खोटा होता, तो वेळप्रसंगी मोडता आला असता. हा खरा होता, आणि माझा नव्हता, त्यामुळे मोडायचा अधिकारही माझ्याकडं नव्हता. पुढची जत्रा कधी, गाव ठरवील तेव्हा. मागची अठरा वर्षांनी झाली. एकोणऐंशी आणि अठरा ही बेरीज मी मनात केली आणि मला ती त्यांच्यासमोर बोलवेना. तरी तोंडातनं गेलंच, की आत्या, तोवर तुम्ही.

त्यांनी भिंतीला टेकवलेला कॅलिपर उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

"मी कशाला पायजे? चढायचं तुला हाय."

गीझरचं पाणी तापलं होतं. त्यांनी मिक्सर उचलून ओट्यावर नेऊन ठेवला, आणि मी आंघोळीला गेले.